बाई, ती सांगून का टाकत नाही?



आपल्या शिक्षकांच्या गटांत मालिकांचा विषय निघाला की एक ठरलेलं उत्तर येतं, टीव्ही बंद करा. मला हे उत्तर पटत नाही. एक तर तो बंद होत नाही. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं एका नाहीतर दोन खोल्यांच्या घरात राहतात. आजी समोर बसून बघते, आई भाकऱ्या थापता थापता ऐकते आणि मूल तिथंच पालथं पडून पाढे लिहितं. साडेसात ते साडेनऊ हीच गृहपाठाची वेळ आणि हीच मालिकांची. मुलाने डोळे वहीत घातले तरी कान कुठे घालणार? दुसरं असं की मी स्वतः मालिका बघते. आवडीने बघते. बाईंनी फक्त बातम्या आणि शैक्षणिक व्हिडिओ बघावेत अशी अपेक्षा असेल तर माझा नाइलाज आहे.

म्हणून आज सरळ शिफारशीच करते. मुलांसोबत काय बघावं, काय टाळावं आणि हे मी कशावरून ठरवते, ते सांगते. माझी कसोटी एकच आहे. मालिकेतलं माणूस त्याला माहीत असलेली गोष्ट समोरच्याला सांगतं का?

ही कसोटी मला चौथीतल्या एका मुलाने दिली. खिचडी खाताना मुलींचं ‘ठरलं तर मग’ चाललं होतं. सायलीने काय केलं, प्रिया काय बोलली, सगळं तपशिलात. हा बाजूला बसून ऐकत होता. एकदम म्हणाला, “बाई, ती सांगून का टाकत नाही? सांगितलं की मिटलं ना.” मुली त्याच्यावर तुटून पडल्या. “अरे, मग मालिका संपंल की!”

दोघांचंही बरोबर आहे. मुलींनी तर अख्ख्या टीव्ही व्यवसायाचं गुपित एका वाक्यात सांगितलं. दररोजच्या मालिकेला अर्धा तास मिळतो. जाहिराती वजा केल्या तर वीस-बावीस मिनिटांची गोष्ट उरते. आठवड्याला सहा भाग धरले तरी वर्षाला तीनशेच्या पुढे जातात. इतकी गोष्ट कुणाकडे असते? कादंबरीसुद्धा महिन्याभरात संपून जाईल. मग गोष्ट पुढे नेण्यापेक्षा अडवून धरणं सोपं पडतं, आणि अडवायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे गुपित. त्याला बाहेरगावी चित्रीकरण लागत नाही, गर्दी लागत नाही. एक दिवाणखाना, एक जिना, दाराआडून ऐकणारं एक पात्र एवढ्यावर भागतं. कुणीतरी “मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय” म्हणतं, तेवढ्यात फोन वाजतो, दूध उतू जातं किंवा सासूबाईंना चक्कर येते. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि गुपित फुटायची वेळ त्या आकड्यांवर ठरते. गुपित शेवटी फुटतंच, पण दुसरं गुपित तयार झाल्यावर.

‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि तेव्हापासून आकड्यांच्या यादीत वर राहिली. यश उगाच मिळालेलं नाही. जुई गडकरीची सायली अनाथाश्रमात वाढलेली आहे, पण दीनवाणी नाही. मधुभाऊंवरच्या खोट्या आरोपासाठी ती लढते, अर्जुन वकील आहे, कोर्टाचे प्रसंग रंगतात. आमच्या गावात कोर्ट म्हणजे जमिनीच्या तारखा, एवढंच मुलांना माहीत होतं. आरोपी, साक्षीदार, पुरावा हे शब्द त्यांना या मालिकेनेच दिले, आणि ते अर्थासकट दिले. हे मी मानते. पण तिचा सगळा डोलारा उभा आहे तो करारावर केलेल्या लग्नावर, आणि ते लग्न घरच्यांपासून लपवण्यावर. दुसरीकडे प्रिया ही तन्वी म्हणून घरात वावरते. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं आणि घरातल्या माणसांना काहीच नसतं, तेही महिनोन्‌महिने.

कुणी म्हणेल, गोष्टीत गुपित असणारच. महाभारतात नाही का? आहे की. कुंतीने कर्णाचा जन्म लपवला. पण महाभारत त्या लपवण्याला सद्गुण म्हणत नाही. त्याची किंमत काय झाली ते युद्धभूमीवर दाखवतं, आणि पुढे युधिष्ठिर आईवर संतापतो तेही दाखवतं. आमच्या मालिकांत लपवणारीच देवघरासमोर निरांजन घेऊन उभी असते आणि मागे बासरी वाजते. गुपित असण्याला माझी हरकत नाही, माझी हरकत त्या बासरीला आहे.

आणखी एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. पुढच्या आठवड्यात तुम्हीही कुठलीही मालिका लावून पडताळून बघा. “मला हे हवंय” असं स्पष्ट कोण म्हणतं? खलनायिका. “हे मला चालणार नाही” कोण म्हणतं? तीच. नायिकेला काय हवंय ते तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. ते कुणीतरी ओळखायचं असतं. ती गिळते, सोसते, डोळे पुसते आणि पोळ्या लाटायला घेते. आठ-नऊ वर्षांची मुलगी रोज हे बघते तेव्हा तिच्या मनात काय जोडलं जात असेल? बोलणारी ती वाईट, गिळणारी ती चांगली.

आता मालिकांनीच हे शिकवलं असं म्हटलं तर अन्याय होईल. आपल्या घरांत ते आधीपासून आहे. मालिका त्याला पॉलिश करून, भरजरी साडी नेसवून रोज रात्री परत आणून बसवतात, एवढंच.

पण आम्हा शिक्षकांना त्याची झळ कुठे लागते ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर तिच्या वहीत चुका वाढायला लागल्या. फळ्यावरच्या ३८चे ती ३३ उतरवायची. मी तिला पुढे बसवलं तर चुका थांबल्या. विचारलं, “दिसत नाही का गं फळ्यावरचं?” तर मान हलवून “दिसतंय.” चार-पाच दिवस रोज थोडं थोडं बोलत राहिले तेव्हा कुठे बाहेर आलं. पावसाळ्यापासून लांबचं धूसर दिसत होतं. घरी सांगितलं नाही, कारण चष्म्याला पैसे लागतील आणि पप्पांचं काम सुटलेलं. मी आईला बोलावून घेतलं. आईचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, “बघा बाई, किती समजूतदार आहे माझी पोर.”

त्या माऊलीला मी काही बोलले नाही. पण तो ‘समजूतदार’ शब्द मला घरी जाईपर्यंत टोचत राहिला. पाच महिने पोरीला फळा नीट दिसत नव्हता आणि आपण तिला शाबासकी देतोय! चष्मा झाला, तोही मोफत तपासणीत. सांगितलं असतं तर जूनमध्येच झाला असता.

डोळ्यांचं झालं, ते निदान सुटलं. पण प्रत्येक शाळेत तक्रारपेटी आहे. २०२२पासून सखी सावित्री समिती आहे. १०९८ हा नंबर आपण भिंतीवर रंगवलाय. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श आपण शिकवतो आणि दरवेळी एकच सांगतो, ‘तुला काही विचित्र वाटलं तर आईला सांग, बाईंना सांग, लगेच सांग.’ अकरा वाजता आपण हे सांगतो. रात्री साडेआठला तीच मुलगी काय बघते? घर मोडू नये म्हणून गप्प बसणारी देवी. माझ्या अर्ध्या तासाच्या तासिकेची बरोबरी त्या तीनशे भागांशी कशी व्हायची? म्हणून मला हा विषय करमणुकीचा वाटत नाही, आणि म्हणूनच मी मालिका बघितल्याशिवाय त्यांच्यावर बोलत नाही.

असो. आता शिफारशी.

‘आई कुठे काय करते’ संपून गेली तरी मी तिचं नाव घेणार. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं ती चालली. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, आणि हिंदीतली ‘अनुपमा’ही त्याच गोष्टीची. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती सुरुवातीला अगदी त्या गिळणाऱ्या बायकांपैकीच होती. घराला तिची किंमत नाही, मुलंही तिला गृहीत धरतात. पण नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर ती बोलायला लागते. भांडत नाही, बोलते. घटस्फोटापर्यंत जाते, गाण्याकडे वळते. तिचे ते प्रसंग मी आमच्या माता-पालक सभेत मुद्दाम काढले होते. एरवी त्या सभेत मी बोलते आणि बायका माना डोलावतात. त्या दिवशी मला बोलायला जागाच मिळाली नाही. नंतर नंतर मालिकेनेही नेहमीची वाट धरली, कारस्थानांवर कारस्थानं आली आणि माझा रस गेला. पण आधीचे भाग मोठ्या मुलींसोबत जरूर बघा.

त्या नावावरून एक आठवलं. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मी मुलांना विचारते, आई काय करते? बहुतेक उत्तरं एकच, “काही नाही, घरीच असते.” यातल्या कितीतरी आया सकाळी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात. हे वाक्य मुलांना कुठल्याही मालिकेने शिकवलेलं नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

आपल्या व्यवसायातल्या नायिकांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या पाठकबाई आणि ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मधली अक्षरा, दोघी शिक्षिका. सुरुवातीला आम्हा शिक्षिकांना काय आनंद झाला होता! पाठकबाईंमुळे आमच्याकडे साध्या कॉटनच्या साड्यांना दिवस आले. पण दोन्हीकडे लग्न झालं आणि गोष्ट वर्गातून उठून घरात गेली. हजेरी नाही, केंद्रप्रमुखांची भेट नाही, पोषण आहाराचा हिशेब नाही. शिक्षिकेचा एक खरा दिवस कुणी लिहिला तर त्यात हास्यजत्रेला पुरतील एवढे विनोद निघतील, हे मी लिहून देते.

तर हास्यजत्रा. मुलांसोबत बसून बघायला आज माझी पहिली पसंती ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’लाच आहे. सोनी मराठीवर २०१८पासून सुरू आहे. कारण पुन्हा तेच, माझी कसोटी. प्रहसनातही गैरसमज असतो, लपवाछपवी असते, पण दहा-पंधरा मिनिटांत सगळं उघडं पडतं आणि लपवणाऱ्याची फजिती होते. लपवणं इथं हसण्याजोगं आहे, पूजण्याजोगं नाही. मुलांना हा फरक बरोबर कळतो. शिवाय भाषा. समीर चौघुले शब्दाशिवाय नुसत्या तोंडाच्या आवाजावर आणि अंगावर हसवतात. प्रभाकर मोरे कोकणी ढंगात बोलतात. नम्रता संभेराव दर वेळी वेगळी बाई होऊन येते आणि ती बाई आपल्या गल्लीतली असते. माझ्या वर्गातल्या लाजऱ्या मुलांनी कविता म्हणायला जेवढं तोंड उघडलं नाही तेवढं या कलाकारांच्या नकला करताना उघडलं. मग मी गॅदरिंगला नाचाची दोन गाणी कमी केली आणि मुलांनीच लिहिलेलं एक प्रहसन घेतलं. एसटी उशिरा येते एवढाच विषय. गावकरी पोट धरून हसले.

पण एक सावधगिरी बाळगा. रंग, जाडी, टक्कल, दात यांवरचे विनोद या कार्यक्रमात येतात. ते कलाकार एकमेकांचे मित्र आहेत, एकमेकांच्या परवानगीने बोलतात, आणि ज्याच्यावर विनोद झाला तो पुढच्या वाक्यात परतफेड करतो. नऊ वर्षांच्या मुलाला ही परवानगी दिसत नाही. त्याला टोपणनाव दिसतं आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गात कुणालातरी चिकटतं. आमच्या वर्गात चिकटलं होतं. तेव्हा मुलांना एकच विचारा, “ज्याच्यावर हसलास त्याला उलट बोलायची संधी होती का?” स्टेजवर होती. वर्गात ज्याला चिडवलं त्याला होती का? मुलं याचं प्रामाणिक उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

‘चला हवा येऊ द्या’ २०१४मध्ये सुरू झालं तेव्हा मला फार आवडायचं. पुढे पुरुषांनी साडी नेसून लाडे लाडे बोलणं एवढाच विनोद उरलाय असं वाटायला लागलं आणि मी सोडून दिलं. त्यातला एक भाग मात्र भाषेच्या शिक्षकांनी जपून ठेवावा असा आहे. सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे तो. पत्रं अरविंद जगताप लिहायचे. एवढ्या हसण्याच्या कार्यक्रमात मध्येच एक माणूस पिशवीतून पत्र काढतो आणि सगळा मंच गप्प होतो. मुलांना पत्रलेखन शिकवताना आपण ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’पासून सुरू करतो आणि तिथंच मुलांचा जीव जातो. त्याऐवजी असं एक पत्र ऐकवा. जे समोरासमोर बोलता येत नाही ते लिहून सांगता येतं, एवढं कळलं की मायना आपोआप येतो.

आणि ज्यांना शांत काहीतरी हवंय त्यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ शोधून बघावं. २००१चं आहे, अल्फा मराठीच्या काळातलं. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी केलेली मालिका. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे थोडी माया जास्त आहे हे समजून घ्या. आठवड्याला एक भाग, एका भागात एक गोष्ट, आणि ती संपते. घरात आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. कुणी कुणाला विष देत नाही. भांडणं होतात ती पैशाची, अभ्यासाची, कुणी कुणाला विचारलं नाही याची. आणि झालेलं सगळं आबा रोजनिशीत लिहितात. रोजनिशी हा आपल्या भाषेच्या तासाचा विषय आहेच. वर्गात प्रोजेक्टरवर एक भाग दाखवला तर पहिली पाच मिनिटं मुलं चुळबुळली, कारण ढॅण ढॅण संगीत नाही, चेहरा तीनदा वळत नाही. मग शिऱ्याच्या उचापतींवर हसायला लागली. भाग संपल्यावर एकजण म्हणाला, “एवढंच? मिटलं पण?” त्याच्या आवाजात तक्रार होती की समाधान, मला ओळखता आलं नाही.

इथं थोडं आपल्यालाही बोलून घेते, रागावू नका. २०२०मध्ये सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ आली होती. सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या आयुष्यावर दैनंदिन मालिका. वर्षभरात बंद झाली, पुरेसे प्रेक्षकच मिळाले नाहीत. तीन जानेवारीला आपण सगळे भाषणं देतो, मुलींना लुगडं नेसवून फोटो काढतो आणि स्टेटसला ठेवतो. त्या वर्षी आपल्यापैकी किती जणांनी रात्री ती मालिका लावली? चांगल्या मालिका येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्याला मी हल्ली हे नाव सांगते.

शेवटी एक उपक्रम देते. आवडला तर करून बघा. इयत्ता तिसरीपासून पुढे चालतो. मुलांना सांगायचं, घरी जी मालिका लागते तिच्यातल्या एका पात्राला पत्र लिहा. अट एकच, त्याने कुणाला काय सांगायला हवं ते पत्रात यायला पाहिजे. मी केला तेव्हा मुलांनी सायलीला लिहिलं, अर्जुनला लिहिलं, एकाने थेट प्रियाला ‘तू आता खरं बोल, आम्हाला माहितेय’ असं दटावलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण दीड पानाच्या खाली कुणी थांबलं नाही. ‘माझा आवडता प्राणी’ पाच ओळींत आटपणारी ही मुलं.

पत्रं मी वर्गात मोठ्याने वाचली नाहीत, आणि तुम्हीही विचारल्याशिवाय वाचू नका. दोन पत्रं मालिकेतल्या कुणालाच नव्हती. वर ‘प्रिय सायली’ होतं, पण खालचा मजकूर आपल्याच घरातला होता. त्यातल्या एकीला मी दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर ग्रंथालयाची पुस्तकं लावायला थांबवून घेतलं. दुसरी आपणहून आली.